परवानगीच्या आधीचा बाजार : झेजियांग प्रांतातील काही दिवस

शांघायहून वेगवान गाडीने नैर्ऋत्येकडे निघाले, की दीड-दोन तासांत यीवू येते. झेजियांग प्रांताच्या मधोमध, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशात हे गाव वसले आहे. समुद्र जवळ नाही, खाणी नाहीत, माती तांबडी आणि आम्लधर्मी. केवळ भूगोलाचे पुस्तक उघडून पाहिले, तर इथे बाजारपेठ उभी राहावी असे एकही कारण सापडत नाही. तरीही पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या मशीद बंदर, अब्दुल रहमान स्ट्रीट या भागांत ज्यांचे दुकान आहे, त्यांना यीवूचे नाव सांगावे लागत नाही. केसांचे चाप, कुलपे, छत्र्या, पेन्सिली, बटणे, खोटे दागिने यांतले कितीतरी या एका गावाच्या गाळ्यांतून निघून आपल्या काउंटरवर आलेले असते.

आमच्या घराचा धंदा खेळण्यांचा. घाऊक पेढी असल्यामुळे वर्षानुवर्षे इथला माल कंटेनरने येत असे. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे चिन्ह सक्तीचे झाले, आणि २०२३ मध्ये शुल्क ७० टक्के झाले. कंटेनर येणे बंद पडले. तेव्हापासून घरात दोन मते आहेत. माझ्या पुतण्याचे म्हणणे असे, की आता साचे विकत आणून आपणच कारखाना काढावा. चीनमध्ये सरकारने पाठबळ दिले म्हणून तिथले कारखाने उभे राहिले, आता आपलेही सरकार देत आहे. त्याचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू म्हणतात, सरकारच्या भरवशावर भांडवल गुंतवणारा व्यापारी रात्री झोपत नाही. चीनमध्ये जे घडले ते सरकारने घडवले की व्यापाऱ्यांनी, हा प्रश्न आमच्याकडे असा जेवणाच्या पानावर रोज येत असे. साचे पाहायला पुतण्या निघाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो तो काहीसा या प्रश्नाचा माग काढायला.

यीवूच्या शेतकऱ्यांचा एक जुना व्यवसाय आहे. उसाचा गूळ करायचा, तो कावडीत घालून खांद्यावर घ्यायचा, हातात डुगडुगी धरायची आणि शेतीची कामे संपली की परप्रांतातल्या गावांतून हिंडायचे. डुगडुगीचा आवाज ऐकून मुले धावत येत. घरातून कोंबडीची पिसे आणून देत आणि गुळाचा खडा घेऊन जात. त्यांतली चांगली पिसे झटकण्या बांधायला जात, उरलेली भाताच्या खाचरात खत म्हणून. व्यवहारातली वस्तू आपल्या वाचकांना रुचणारी नाही, पण रीत अनोळखी वाटू नये. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, ती हीच रीत. आणि लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघालेले, दख्खनच्या खेड्यांतून पाठीवर गाठोडे घेऊन फिरलेले पूर्वज आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या आठवणीत आहेतच. पुढे यीवूच्या कावडीत गुळाबरोबर सुया, दोरे, बटणे, केसांच्या पिना येऊ लागल्या. नापीक मातीने या माणसांना फिरते केले, आणि कोणत्या गावात काय खपते याचे ज्ञान त्यांच्या पायांना झाले.

माओच्या काळात ही फेरी गुन्हा ठरली. एका ठिकाणी स्वस्त घेऊन दुसऱ्या ठिकाणी महाग विकणे याला तिथल्या कायद्यात ‘सट्टेबाजी’ असे नाव होते आणि त्यासाठी शिक्षा होती. माल जप्त होई, माणूस सभेपुढे उभा केला जाई. तरीही लोक रात्री निघत, पहाटे एखाद्या गल्लीत माल मांडत आणि अधिकारी दिसला की पळत.

१९८२ च्या वसंतात शिये गाओहुआ नावाचा एक गृहस्थ यीवूला पक्षाचा प्रमुख चिटणीस म्हणून आला. यीवू तेव्हा शहर नव्हते. आपल्या तालुक्याच्या आसपासचा कारभार असलेली एक गरीब काउंटी होती. काही दिवसांतच फेंग आयच्येन नावाची एक फेरीवाली बाई त्याच्या कचेरीबाहेर उभी राहिली. बटणे, बुटांच्या नाड्या असला माल विकून ती मुलांचे पोट भरत असे. तुमची माणसे आम्हाला हाकलतात, मग आम्ही जगायचे कसे, असे तिने भर रस्त्यात त्याला विचारले. शियेने तिला आत नेऊन ऐकून घेतले. मग त्याने स्वतः हिंडून चौकशी केली. त्या वेळी वरून बाजार उघडण्याचा कोणताही आदेश नव्हता. उलट आर्थिक गुन्ह्यांवर कडक कारवाई करा, असा बीजिंगचा हुकूम त्याच वर्षी आलेला होता. आपल्या सहकाऱ्यांपुढे शियेने सांगितले, की काही विपरीत घडले तर जबाबदारी माझी. ५ सप्टेंबर १९८२ रोजी हूचिंगमेन येथे उघड्यावर, सिमेंटच्या फळ्या टाकून बाजार सुरू झाला. सुमारे ७०० गाळे होते. वर्ष संपण्यापूर्वी काउंटीने चार गोष्टींची मोकळीक जाहीर केली : शेतकऱ्याने गावात येऊन व्यापार करावा, दूरवर माल न्यावा, बाजार उघडे राहावेत आणि सरकारी दुकानांशी स्पर्धा चालावी.

बाजाराच्या इतिहासात ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने शियेची खरी करामत करआकारणीत आहे, असे मला वाटते. त्या वेळचा कर आठ टप्प्यांनी चढत जाणारा होता. विक्री वाढली की दर वाढे. ज्यांच्याकडे वही नाही अशा फेरीवाल्यांची विक्री ठरवणार कोण? तर निरीक्षक. म्हणजे अंदाज, आणि अंदाजावरून भांडण. शियेने तो मोडून प्रत्येक गाळ्यावर मालाच्या प्रकारानुसार ठरावीक रक्कम बांधून दिली. आपल्याकडच्या कंपोझिशन योजनेची काहीशी आठवण व्हावी असा हा उपाय होता. नियमांत तो बसत नव्हता, पण वर्षाला कर किती द्यायचा हे आधी कळल्यावर माणूस माल भरण्याचे धाडस करतो. आपल्या कोणत्याही पेढीवर जाऊन विचारा, कराच्या दरापेक्षा कराची अनिश्चितता अधिक जाचते असेच उत्तर येईल. शिये १९८४ च्या अखेरीस बदलून गेला. डिसेंबर २०१८ मध्ये सुधारणांच्या चाळिसाव्या वर्षी राष्ट्राने त्याला पदक दिले, आणि पुढच्या वर्षी तो वारला. मधली ३४ वर्षे यीवूचे दुकानदार त्याला विसरले नव्हते. तो गावात आला की लोक स्वागताला जमत.

आम्ही गेलो तेव्हा बाजार पाच विभागांत पसरलेला होता. सुमारे ७५ हजार गाळे. पुतण्याने पहिल्या सकाळी मोबाईलवर हिशेब मांडला : एका गाळ्यावर तीन मिनिटे आणि दिवसाला आठ तास धरले, तर सगळे गाळे पाहायला सुमारे ४६९ दिवस लागतील. आमच्याकडे चार होते. पहिल्या विभागात तळमजल्यावर खेळणी आणि कृत्रिम फुले, वरच्या मजल्यावर दागिने. दुसऱ्यात छत्र्या, बॅगा, कुलपे, हत्यारे. तिसऱ्यात लेखनसाहित्य, चष्मे, बटणे, चेन. चौथ्यात मोजे, टोप्या, टॉवेल. एका प्रकारचे सर्व गाळे एका ठिकाणी आणण्याची सक्ती प्रशासनाने १९९२ च्या सुमारास केली. शंभर प्रतिस्पर्धी शेजारी बसवले तर गिऱ्हाईक पळेल, असे कोणालाही वाटावे. घडले उलटे. एकाच रांगेत शंभर भाव कळतात म्हणून गिऱ्हाईक दूरवरून येते. आपल्या रविवार पेठेने किंवा झवेरी बाजाराने हे कोणाच्या हुकुमाशिवाय साधले होते, ही गोष्ट निराळी.

भाषा येत नाही म्हणून अडत नाही. गाळ्यावरची बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून आपल्यापुढे धरते, आपण तो पुसून आपला आकडा दाबतो. ती हसते किंवा कॅल्क्युलेटर खाली ठेवते. दुसऱ्याच दिवशी या दोन्हींचा अर्थ कळू लागतो. बहुतेक गाळ्यांच्या मागे कुठेतरी त्या घराचा कारखाना आहे : नवरा कारखान्यात, बायको गाळ्यावर, मुलगी संगणकावर परदेशी गिऱ्हाइकांना उत्तरे देत. नमुना पाहून एखाद्याने नाक मुरडले की तेवढ्यात फोन जातो, आणि दोन दिवसांनी रंग बदललेला नमुना समोर येतो. इथली नवनिर्मिती म्हणतात ती ही. प्रयोगशाळा नाही, पेटंट नाही. गिऱ्हाइकाची नापसंती कारखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, एवढीच तिची परीक्षा. नकलांचा मालही भरपूर आहे, हे सांगितले पाहिजे. नामांकित छापांच्या नकलांमुळे या बाजाराची बदनामी झाली आहे आणि ती अगदीच निराधार नाही.

जेवणाची आबाळ होईल अशी भीती घरच्यांना होती, पण इथे भारतीय खाणावळी आहेत आणि कांदा-लसूण नको म्हटल्यावर पुन्हा विचारावे लागत नाही. तरी खाखरा बरोबर न्यावा.

या सगळ्यात सरकार कुठे आहे? पहिली गोष्ट म्हणजे घरमालक सरकारच आहे. बाजाराच्या इमारती ज्या कंपनीच्या आहेत, ती शांघायच्या शेअरबाजारात नोंदलेली असली तरी तिचे नियंत्रण स्थानिक सरकारकडे आहे. दुकानदार गाळ्याचा मालक नसतो. त्याच्याकडे असतो वापराचा करार. त्या वापराच्या हक्कालाच इतकी किंमत आली, की लोक पागडीसारखे मोठमोठे व्यवहार त्यावर करू लागले. माल काय ठेवायचा, भाव काय लावायचा, उधारी कोणाला द्यायची, यात सरकारी कंपनी पडत नाही. नुकसानीचा धनी दुकानदारच.

दुसरी गोष्ट आम्हाला समजावून दिली ती आमच्या आडत्याने. हे मूळचे खानदेशातले गृहस्थ, यीवूत बरीच वर्षे राहिलेले. परदेशी खरेदीदार गाळे हिंडतो, आडत्या वहीत टिपून घेतो, माल आडत्याच्या गोदामात गोळा होतो, मोजला जातो आणि एका कंटेनरमध्ये शंभर दुकानांच्या पेट्या एकत्र भरल्या जातात. दुकानदार बऱ्याचदा आडत्याला महिन्या-दोन महिन्यांची उधारी देतो. सगळा डोलारा त्या विश्वासावर चालतो, आणि आडत्या पळाला तर शंभर घरे बुडतात. पूर्वी असा मिश्र कंटेनर जकातीत अडकत असे. लहान दुकानदाराकडे कराचे रीतसर बिल नाही, आणि निर्यातीचे नियम लिहिलेले एका मोठ्या कारखान्याच्या एकाच मालासाठी. २०११ मध्ये केंद्र सरकारने यीवूला परदेश व्यापारातील प्रयोगाचे ठिकाण ठरवले आणि २०१३ मध्ये तिथे एक नवी पद्धत मंजूर केली. बाजारातून खरेदी केलेला किरकोळ मिश्र माल एका वेगळ्या जकात-संकेतांकाखाली, ठोकळ वर्गवारीने जाहीर करायचा. एका घोषणेची कमाल मर्यादा दीड लाख अमेरिकी डॉलर. आणि मूल्यवर्धित कर माफ.

आडते म्हणाले, “शेठ, माल तर आम्ही आधीही पाठवतच होतो. सरकारने फक्त आमच्या करण्याला नाव दिले.”

पुतण्या यावर गप्प बसला. त्याच्या डोक्यातले सरकार आधी योजना आखणारे आणि मग व्यापाऱ्याला हाताला धरून नेणारे होते. इथे दिसत होते ते व्यापाऱ्याच्या मागून चालणारे सरकार. मात्र नाव देणे ही लहान बाब नव्हे, हे मी त्याला सांगितले. नाव मिळेपर्यंत माणूस गुन्हेगार असतो. आणि काही गोष्टी सरकारने पुढे होऊन केल्याही आहेत. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी यीवूहून माद्रिदला मालगाडी निघाली आणि सुमारे १३ हजार किलोमीटर तोडून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. युरोपला जाणाऱ्या अशा गाड्यांना तिथली स्थानिक सरकारे अनुदान देत आली आहेत. जहाजाहून महाग, विमानाहून स्वस्त अशा वाहतुकीला सुरुवातीची वर्षे गिऱ्हाईक मिळेपर्यंत कोणा खासगी कंपनीने एकटीने पोसले असते, असे वाटत नाही.

एक दिवस हांगझोऊला जाऊन आलो. यीवूहून गाडीने तासाभराच्या आत. पश्चिम सरोवराचे सौंदर्य पुष्कळांनी वर्णिले आहे. माझे लक्ष मात्र चहाच्या टपरीवर चौकटीत लावलेल्या क्यूआर चित्राकडे होते. अलिबाबा कंपनी याच शहरात १९९९ मध्ये जॅक मा आणि त्यांच्या १७ साथीदारांनी एका निवासी सदनिकेत सुरू केली. ऑनलाइन विक्रीत अडचण विश्वासाची होती. आधी पैसे कोणी सोडायचे, आधी माल कोणी सोडायचा? बँका सरकारी, त्यांना या फुटकळ व्यवहारांत रस नव्हता. मग कंपनीने स्वतःच मधला विश्वस्त होण्याचे ठरवले. खरेदीदाराने पैसे तिच्याकडे ठेवायचे, माल पसंत पडल्यावर ते विक्रेत्याला मिळायचे. आपले जुने सराफ आणि आडते दोन परक्या व्यापाऱ्यांत हेच करीत. ही अलिपे सेवा २००४ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली. चीनच्या मध्यवर्ती बँकेने अशा कंपन्यांना पहिले परवाने दिले ते मे २०११ मध्ये. मधली सात वर्षे कोट्यवधी लोकांचे पैसे अशा एका व्यवस्थेतून फिरत होते, जिला कायद्यात जागाच नव्हती. सरकारने ती बंद केली नाही, हेच सरकारचे योगदान.

पण याच शहराने पुढचा अंकही पाहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये जॅक मा यांनी शांघायच्या एका परिषदेत बँकिंगच्या नियमनावर जाहीर टीका केली. त्यांच्या अँट कंपनीची समभाग विक्री जगातली सर्वांत मोठी ठरणार होती. ती नोंदणीला दोन दिवस उरले असताना, ३ नोव्हेंबरला, थांबवली गेली. एप्रिल २०२१ मध्ये मक्तेदारीच्या आरोपावरून अलिबाबाला १८ अब्ज युआनहून अधिक दंड झाला. नियामकांची बाजू पूर्ण खोटी होती असे मी म्हणणार नाही : अँट बँकांच्या पैशावर कर्जे वाटत होती आणि स्वतःचे भांडवल अत्यल्प घालत होती. पण ज्या घाईने आणि ज्या क्षणी हे घडले, त्यावरून देशातल्या प्रत्येक उद्योजकाने घ्यायचा तो बोध घेतला. नंतरची काही वर्षे खासगी गुंतवणूक रोडावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी खासगी उद्योजकांना बोलावून बैठक घेतली, तीत जॅक मा यांनाही बसवले. त्याच वर्षी खासगी अर्थव्यवस्थेच्या संरक्षणासाठी पहिलाच स्वतंत्र कायदा झाला. १९८२ मध्ये जे अभय एका चिटणिसाच्या शब्दावर होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला ४३ वर्षे लागली. शब्द देणारा बदलला तर काय, हा प्रश्न कायद्याने सुटतो की नाही, हे त्या देशातल्या व्यापाऱ्यांनाच पुढे कळेल.

यीवूहून आग्नेयेकडे, किनाऱ्यावरच्या वेन्झोऊकडे निघालो. वाटेत जिन्हुआ लागते. यीवू याच जिन्हुआच्या कारभारात येते. इथल्या एका बस बनवणाऱ्या कंपनीची कथा सांगण्याजोगी आहे. २०१९ मध्ये हनान प्रांतातील नानयांग शहराच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की पाण्यावर चालणारी गाडी तयार झाली. कंपनी जिन्हुआची, आणि तिच्या नानयांगमधल्या प्रकल्पात तिथल्या स्थानिक सरकारचा पैसा. देशभर हसे झाले, चौकश्या झाल्या, कंपनी बुडाली. त्याआधी २०१६ मध्ये वित्त मंत्रालयाने विजेच्या गाड्यांचे अनुदान लाटणाऱ्या पाच कंपन्या उघडकीस आणल्या होत्या. गाड्या अपुऱ्या किंवा केवळ कागदावर, आणि अनुदान मात्र पुरे. चीनच्या विजेच्या गाड्या आज जगभर जातात हे खरे आहे, आणि त्यामागे २००९ पासून २०२२ पर्यंत दिलेली खरेदी-अनुदाने आहेत हेही खरे. पुतण्या ज्या पाठबळाची गोष्ट करतो, ते हेच. त्याच पैशावर जगलेल्या आणि अनुदान आटताच कोसळलेल्या कंपन्यांची यादी मात्र आपल्याकडच्या भाषणांत कोणी वाचत नाही.

वेन्झोऊच्या उत्तरेस लिऊशी नावाचे गाव आहे. विजेचे खटके, फ्यूज, काँटॅक्टर असल्या मालात चीनमधला मोठा वाटा या एका गावाचा आणि परिसराचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या, स्प्रिंगा, बेकेलाईटची खोकी यांची दुकाने. एका सुट्या भागापलीकडे ज्याचा धंदा नाही अशी घरेच्या घरे. यीवूचा बाजार उघडला त्याच १९८२ साली, आर्थिक गुन्ह्यांच्या त्याच हुकुमाखाली, इथल्या आठ यशस्वी व्यापाऱ्यांना पकडण्याचे आदेश निघाले. लोक त्यांना कौतुकाने ‘राजे’ म्हणत : कोणी यंत्रांच्या लोखंडी सामानाचा राजा, कोणी तारेच्या वेटोळ्यांचा राजा. काहींना तुरुंगवास झाला, एक जण दोन वर्षांहून अधिक परागंदा राहिला. १९८४ मध्ये खटल्यांचा फेरविचार होऊन ते निर्दोष ठरले. एकच प्रांत, एकच वर्ष, एकच हुकूम, आणि अधिकारी निराळा म्हणून परिणाम निराळा. ‘चीनचे सरकार’ असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा या दोन गावांचा विचार करावा.

राजे सुटले त्या १९८४ मध्येच नान त्सुन्हुइ नावाच्या तरुणाने, जो काही वर्षांपूर्वी रस्त्यावर जोडे शिवत असे, मित्राबरोबर खटक्यांचा लहान कारखाना काढला. लिऊशीचा माल तेव्हा स्वस्त आणि घातक म्हणून कुप्रसिद्ध होता. खटका अडकला की आग. नानने शांघायच्या सरकारी कारखान्यातले निवृत्त अभियंते आणले आणि मालाच्या चाचणीवर पैसा घातला. शेजाऱ्यांना तो खुळेपणा वाटला असणार. १९९० मध्ये बीजिंगहून तपासणी पथके आली, आणि निकृष्ट मालाची शेकडो दुकाने व घरगुती कारखाने बंद पडले. ज्यांच्याकडे रीतसर उत्पादन परवाना होता अशा मोजक्यांत नानचा कारखाना होता. पुढे त्याचीच चिंट ही कंपनी झाली. या प्रकरणात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. ज्ञान आले ते सरकारी कारखान्यांनी तीस वर्षे पोसलेल्या अभियंत्यांकडून. ते घडवायला लिऊशीच्या कोणत्याही घराकडे पैसा नव्हता. आणि गावाचे नाव वाचले ते सरकारने केलेल्या कडक तपासणीमुळे, जी त्या दिवशी प्रत्येक दुकानदाराला अन्याय वाटली असेल. खेळण्यांवरच्या बीआयएस चिन्हाबद्दल आम्ही घरात काय काय बोललो होतो, ते मला लिऊशीच्या त्या रस्त्यावर आठवले.

वेन्झोऊहून किनाऱ्याने उत्तरेकडे तासाभरावर ताइझोऊ, आणि त्याचा एक भाग हुआंगयान. पूर्वी संत्र्यांसाठी प्रसिद्ध, आता प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी. शेजारच्याच लूचियाओचा ली शूफू. त्याने फ्रिजच्या भागांपासून सुरुवात केली, मोटारसायकली केल्या आणि १९९८ मध्ये परवाना नसताना मोटारगाडी तयार केली. खासगी माणसाने मोटारी बनवाव्यात हे धोरणात नव्हते. त्याच्या जीली कंपनीचे नाव सरकारी यादीत आले २००१ च्या अखेरीस, चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरत असताना. नऊ वर्षांनी त्याने स्वीडनची व्होल्वो मोटार कंपनी विकत घेतली. हुआंगयानच्या साचेवाल्यांना हे सांगायला आवडते, कारण मोटारीच्या आतले बहुतेक प्लॅस्टिक कोणत्या तरी साच्यातून निघते.

आम्ही गेलो तो कारखाना मध्यम होता. बाप-लेक मालक. बाप बोलत नव्हता, पोलादाच्या ठोकळ्यांवरून हात फिरवत होता. मुलगा फोनवरच्या भाषांतरातून बोलत होता. पुतण्याने आठ खेळण्यांची चित्रे पुढे ठेवली. मुलाने विचारलेले प्रश्न मी टिपून ठेवले आहेत : वर्षाला किती नग काढणार? तुमच्याकडे यंत्र किती टनांचे? साचा बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस किती दूर आहे? पोलाद कोणते, यावर साच्याची किंमत आणि आयुष्य दोन्ही ठरते. हलक्या पोलादाचा साचा स्वस्त, पण काही वर्षांत कडा झिजून नगांना धारदार पापुद्रे येऊ लागतात. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला ते चालणार नाही, आणि तुमच्या देशाच्या चाचणीत तर मुळीच नाही, असे त्या मुलाने स्वतःहून सांगितले. आपल्या नियमांची त्याला पुण्यातल्या पुष्कळांपेक्षा अधिक माहिती होती. गेल्या काही वर्षांत भारतातून साच्यांची विचारणा वाढली आहे, असे तो म्हणाला.

पुतण्याने त्याला विचारले, तुम्हाला सरकारकडून काय मिळाले? मुलाने बापाकडे पाहिले. बापाने पहिल्यांदा तोंड उघडले. भाषांतर उमटले ते असे : जमीन मिळाली, वीज खंडित होत नाही, कागदपत्रांसाठी आता एकदाच जावे लागते, पहिले यंत्र मात्र मेहुण्याच्या पैशांचे.

त्या रात्री पुतण्या आणि त्याचे वडील फोनवर बराच वेळ बोलत होते. मी मध्ये पडलो नाही. सकाळी त्याने आठापैकी दोन चित्रे वेगळी काढली, दोन्हींसाठी चांगल्या पोलादाचा भाव मागितला आणि ठरल्याप्रमाणे विसार भरला. बाकीच्या रकमेतून आधी चाचणीची उपकरणे घ्यायची आणि दुरुस्तीसाठी एक कारागीर महिनाभर हुआंगयानला शिकायला ठेवायचा, असे बाप-लेकांचे ठरले होते. साचेवाल्या म्हाताऱ्याने कारागिराचे वय विचारले, आणि त्याच्या राहण्याची सोय वरच्या खोलीत होईल, फक्त स्वयंपाकाचे त्याने त्याचे पाहावे, असे सांगितले.